नंदूच्या विरुद्ध साक्ष

अन्नपूर्णा, इंदूर
दि. १२ नोव्हेंबर २०२४

चि. पंचशीला हिस,
ताईचा सप्रेम जय भीम. वि. वि.

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरली असशील. घाबरू नको, सगळे जिवंत आहोत. फोन सोडून ताई पत्र का लिहायला लागली, तर कारण साधं आहे. यांचा पलंग हॉलमध्ये टीव्हीसमोर लावलाय, आणि स्वयंपाकघरात जाऊन मी कितीही हळू बोलले तरी यांना सगळं ऐकू जातं. लकव्याने उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, पण कान पहिल्यापेक्षा तेज झाले. म्हणून फोनवर तुला नुसतं हो, ठीक आहे, दवा चालू आहे एवढंच सांगते. मोबाईलवर लिहायला जाते तर त्याला माझी मराठी कळत नाही. वरण लिहिलं की वर्ण करतो.

डॉक्टर म्हणतात सुधारणा आहे. डावा हात चालतो. तोंडातून दोन-तीनच शब्द निघतात, हां, बस, पानी. जन्मभर कारखान्यात हिंदी बोलले, तर मेंदूने आपत्काळासाठी तेवढीच वाचवून ठेवली, असं सूनबाई म्हणते. निशिगंधा मोठी गमतीची आहे गं. नाशिकची हिंदी अजून सुटत नाही. परवा पोहेवाल्याला भिया म्हणायचं सोडून भाऊसाहेब म्हणाली, सगळा ठेला हसला. तिचं आणि स्वप्निलचं ऑफिस विजयनगरला, अंधार पडल्यावरच घरी येतात. मतलब दिवसभर आम्ही दोघंच, मी आणि हे.

आता जे लिहिते ते वाच आणि मनातच ठेव.

पहिले काही दिवस डॉक्टरांनी काही सांगता येत नाही म्हटलं होतं. तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात बसून अशी रडले की चौकीदाराने पाणी आणून दिलं. वाटलं, हा माणूस गेला तर मी कशाला उरायचं? आणि यांना घरी आणल्यावर काय करते, तर ऐक. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून यांना मधून मधून कुशीवर वळवावं लागतं. यांना दरवाजाकडे तोंड आवडतं, येणारं-जाणारं दिसतं. हे मला माहीत आहे. तरी एखाद्या संध्याकाळी मी मुद्दाम भिंतीकडे वळवते. टीव्ही बंद करते. मग ओट्याशी स्टुलावर बसून एकटी चहा पिते, दोन बिस्किटं बुडवून. आणि मला बरं वाटतं, शीला. आनंद होतो. मग एकाएकी वाटतं की यांचा श्वास ऐकू येत नाहीये, आणि चहा तसाच टाकून धावते. छातीवर हात ठेवते. श्वास चालू असतो. मग यांना वळवते, केस विंचरते, खिचडीत जास्तीचं तूप घालून भरवते.

हे काय आहे? तू एवढी जाडजूड इंग्रजी पुस्तकं शिकवतेस, कुठल्या पुस्तकात याला काही नाव दिलंय का ते सांग.

एकटी आहेस म्हणून रात्रीच्या जेवणाचा कंटाळा करू नको. दूर राहून माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नको.

तुझी ताई,
प्रभावती


नागपूर
दि. २५ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
शीलाचा सा. जय भीम. वि. वि.

तुझं पत्र मी फाटकाशीच उभी राहून वाचलं. शेजारच्या काकूंनी विचारलं की काही वाईट बातमी का, कारण आता पत्रं फक्त बँकेची आणि कोर्टाची येतात. मी म्हटलं, माझ्या बहिणीचं आहे, आणि काय सांगू, छाती फुगली. तुझं अक्षर अजून तसंच आहे, ओळीवर बसवलेल्या शिलाईसारखं. इतकी वर्षं शाळेत पोरींना शिवण शिकवलंस ते वाया गेलं नाही.

तू विचारलंस त्याचं नाव मला माहीत नाही. पण योग बघ, सध्या एम.ए.च्या मुलांना मी एक जुनी इंग्रजी कादंबरी शिकवतेय, तिच्यात हाच प्रश्न आहे. माणसं एकमेकांवर जीव टाकतात आणि त्याच माणसाला जन्मभर छळतात. कुठे प्रेम संपलं आणि द्वेष सुरू झाला ती रेघच सापडत नाही. मुलं विचारतात, मॅडम, पेपरात काय लिहायचं, प्रेम की द्वेष? मी सांगते, दोन्ही लिहा, दोन्हीचे मार्क मिळतात.

पण ताई, कादंबरीतल्या माणसाकडे द्वेषाला कारण असतं. तुला काय कारण? दाजींसारखा माणूस मी पाहिला नाही. बाबा गेल्यावर तुम्ही दोघांनी मला महूहून इंदूरला आणलंत, तेव्हा मला वाटलं होतं बहिणीच्या घरी आश्रिताची पोळी खावी लागेल. दाजींनी ते कधी वाटू दिलं नाही. पोलोग्राउंडच्या कारखान्यातून सुटले की स्कूटरच्या डिकीत माझ्यासाठी जाम घेऊन यायचे. इथे कॉलेजात पेरू म्हणावं लागतं, तोंडाला चवच येत नाही. एम.ए.च्या पेपरांना तेच मला सोडायचे आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर झाडाखाली उभे राहायचे. एकदा मी म्हटलं, दाजी, घरी जा, ऊन किती आहे. तर म्हणाले, तू आत घाम गाळणार आणि मी काय पंख्याखाली बसू? मला बाप पुन्हा मिळाला तो असा.

म्हणून विचारते. काय केलं त्यांनी? मला सांग. मी आता परीक्षेला बसलेली मुलगी नाही.

दाजींना माझा जय भीम. माया कमी पडली तर मागून घेईन, तू आखडू नको.

तुझीच,
शीला


अन्नपूर्णा, इंदूर
दि. १४ डिसेंबर २०२४

चि. पंचशीला हिस,
ताईचा सप्रेम जय भीम. वि. वि.

थंडी पडली आहे. यांना शाल, मफलर, मोजे सगळं चढवून गाठोडं करून बसवते. काल निशिगंधाने त्यांचा फोटो काढला आणि दाखवला, तर हसले. अर्धंच तोंड हसतं आता. त्या अर्ध्याकडे बघून मला तिथून उठावं लागलं.

तू विचारलंस ते सांगते. तेव्हा तुझे एम.ए.चे पेपर होते म्हणून सांगितलं नाही, आणि मग सांगायची वेळच निघून गेली.

आपला नंदू यांच्याच कारखान्यात होता हे तुला माहीत आहे. यांनीच लावलं होतं, हे तिथे सुपरवायझर ना. कारखान्यात छाटणी झाली आणि नंदूला काढलं, असं आम्ही तुला सांगितलं होतं. छाटणी वगैरे काही नव्हती. पत्रा दाबायच्या मोठ्या प्रेसमध्ये हातोदच्या रामभाऊचा हात गेला. मनगटापासून गेला. चौकशी बसली. चूक कुणाची, ते ठरणार होतं यांच्या सांगण्यावर.

आदल्या दिवशी मी यांच्या पाया पडले. खरोखर पडले, डोकं ठेवलं. म्हटलं, माझा एकच भाऊ आहे, तुम्ही फक्त एवढं म्हणा की मी पाहिलं नाही. हे म्हणाले, प्रभा, मला ते जमणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभं राहून यांनी नंदूच्या विरुद्ध साक्ष दिली, की नंदू जेवणाच्या सुट्टीत पिऊन आला होता आणि रामभाऊचा हात आत असताना त्यानेच पायाने प्रेस दाबली.

नंदूची नोकरी गेली. नाव असं झालं की दुसरीकडे कुणी उभं करेना. महूच्या घरी जाऊन बसला, मग तिथूनही निघाला, आणि कसा गेला ते तू पाहिलंस. त्याला पोचवून आलो तेव्हा यांनी माझ्यासाठी चहा केला. मी प्यायले. तो चहा अजून घशाखाली उतरला नाही.

तेव्हापासून आम्ही संसार केला. लग्नांना गेलो, रात्री सराफ्यातल्या ठेल्यांवर उभं राहून खाल्लं, स्वप्निलच्या मार्कांवरून भांडलो, हसलो. ते हसणं खोटं नव्हतं, शीला. पण आत एक खोली होती, तिला मी कुलूप घालून ठेवलं. आता हे पडून आहेत आणि माझ्या हातात आहेत, तर ते कुलूप आपोआप निघालं.

सांगून टाकलं. हलकं वाटतं आहे आणि भीतीही वाटते. मन मोठं ठेव, आणि लोभाला दृष्ट लागू देऊ नको.

तुझी ताई,
प्रभावती


नागपूर
दि. २ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. जय भीम.

काय लिहू? पत्र येऊन आठ-दहा दिवस झाले, उत्तर चार वेळा लिहायला घेतलं.

दाजी नंदूदादाचं नाव कधी काढत नसत, त्याचा फोटो समोर आला की उठून जात. मला वाटायचं की हे दुःख आहे. मी माझ्या पहिल्या पगारातून दाजींना शर्ट घेतला होता, नंदूदादाला नाही. आज ते आठवून अंग जळतं. त्याच्या ताटातली भाकरी काढून घेणाऱ्याच्या ताटात मी वाढलं. आणि झाडाखाली उन्हात उभे राहायचे ते काय होतं? माया होती की टोचणी होती?

मी चिडून लिहितेय, तुझ्यावर नाही. तू हे इतकी वर्षं एकटीने सोसलंस.

महिनाअखेरीस आमच्या महाविद्यालयाच्या चॅनेलवर त्या कादंबरीवर माझं व्याख्यान आहे, मराठीतून. विषय, प्रेम आणि द्वेष. तयारी चालू आहे. दुसऱ्या कशात मन लागत नाही, त्यातच लागतं.

जपून राहा. तू आणि मी, एवढंच आता माहेर आहे, ते टिकवू.

तुझी,
शीला


अन्नपूर्णा, इंदूर
दि. ९ फेब्रुवारी २०२५

पंचशीला,
जय भीम.

मागच्या रविवारी निशिगंधाने तुझं व्याख्यान टीव्हीवर लावलं. मावशींचं लेक्चर आहे म्हणून सगळ्यांना गोळा केलं. यांना उशी देऊन बसवलं. स्वप्निल घरी होता. पडद्यावर तू आलीस, निळी साडी, चष्मा. मी यांना म्हटलं, बघा आपली पोरगी. हे अर्ध्या तोंडाने हसले, डाव्या हाताने पलंगावर थाप मारली. पहिला अर्धा तास तू फार चांगलं बोललीस. मला अभिमान वाटत होता, खोटं का सांगू?

मग तू म्हणालीस की माझ्या परिचयातली एक स्त्री आहे, मध्यप्रदेशातल्या एका शहरात राहते, नवरा लकव्याने पडून आहे.

पुढचं मी तुला काय सांगू? तुझंच आहे. भिंतीकडे तोंड. बंद टीव्ही. चहा. दोन बिस्किटंसुद्धा सोडली नाहीस. आणि मग म्हणालीस की या नवऱ्याने मालकाची मर्जी राखायला तिच्या सख्ख्या भावाविरुद्ध खोटी साक्ष दिली होती, आणि त्या खोटेपणात भाऊ संपला.

निशिगंधाला रिमोट सापडेना. स्वप्निल टीव्हीकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्याने मनोरमा नावाची बाई आणली, पेशंट सांभाळणारी, दिवसभरासाठी. मला म्हणाला, आई, तू थकलीस, आता आराम कर. माझ्या हातातून वाटी-चमचा घेतला. तेव्हापासून मी स्वयंपाकघरात बसते. खिचडी मी करते, बाहेर नेते मनोरमा. हॉलमध्ये गेले की तिची नजर माझ्या हातांवर असते.

आणि हे जेवत नाहीत. मनोरमाने चमचा नेला की तोंड फिरवतात, जेमतेम दोन घोट दूध-पाणी जातं. त्यांना नवा शब्द आला आहे, झूठ. सारखं झूठ, झूठ. स्वप्निल त्यांच्या डोक्यावरून हात फिरवतो, म्हणतो, हो पप्पा, सगळं झूठ आहे, आई असं करणार नाही. तर ते आणखी चिडतात, हात आपटतात, आणि डोळे माझ्याकडे लावतात. घरात मला एकटीलाच कळतंय ते काय म्हणतात ते. भिंतीचं दुःख त्यांना नाहीच. भिंतीकडे मी मुद्दाम वळवते हे त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं.

ते खरं बोलले होते, पंचशीला.

नंदू पिऊन आला होता. प्रेस त्यानेच दाबली. यांनी डोळ्यांनी पाहिलं. मी तुला लिहिलं होतं की पाया पडून म्हटलं, फक्त म्हणा की मी पाहिलं नाही. न पाहिलेल्या माणसाला असं म्हणायला कोण सांगतं? मुलांना ओळ न् ओळ समजावून देणारी तू, बहिणीची एक ओळ तुला वाचता आली नाही?

खोटं बोलले असते तर मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं. खोटं बोलणारा माफ करायला सोपा असतो, त्याच्यापेक्षा आपण मोठे होतो. हे खरं बोलले. दुसरं काही बोलले असते तर चूक रामभाऊच्याच माथी मारली असती, एक हात गेलेल्या माणसाला वर दोष. मी यांना चूक म्हणू शकत नाही, आणि बरोबर म्हटलं तर माझा भाऊ माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा मरतो. हा माझा राग आहे. तू त्याचं काय करून टाकलंस? एक दुष्ट नवरा आणि एक बिचारी बायको. तुझ्या कादंबरीत बसवायला माझं माणूस कापून लहान केलंस.

आता एक कर. माझ्याबद्दल जे बोललीस ते राहू दे, ते खरं आहे. पण जिथे बोललीस तिथेच पुन्हा सांग, की तो माणूस खरं बोलला होता. त्यांना ते ऐकू दे. नाहीतर ते अन्न घेणार नाहीत.

लोभाचं पुढे बघू.

प्रभावती


नागपूर
दि. २० फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. जय भीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी व्याख्यान चॅनेलवरून काढायला लावलं. महाविद्यालयाला तांत्रिक अडचण सांगितली. आता ते कुणाला दिसणार नाही.

मी पहिल्यांदा तुला लिहिणार होते की मी कुणाचंही नाव घेतलं नव्हतं, शहराचंही नाही. लिहिणार होते की उदाहरण दिलं तर मुलांना कळतं, पुस्तक जिवंत होतं. व्याख्यानानंतर किती जणांनी कळवलं की ती मध्यप्रदेशातली बाई ऐकून डोळ्यांत पाणी आलं. हे सगळं लिहूनही ठेवलं होतं. मग तुझं डिसेंबरचं पत्र पुन्हा काढलं. ती ओळ तिथे होती. मी ती आधी वाचली नव्हती असं नाही, ताई. वाचली होती आणि पुढे गेले होते. मला दाजी खोटारडे हवे होते.

आणखी एक तुला कळायलाच हवं, दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे. निशिगंधाला लिंक मी पाठवली. सगळ्यांनी मिळून बघा, असं मीच तिला सांगितलं. दाजींनी ऐकावं असं मला वाटत होतं. त्यांना उत्तर देता येणार नाही हेही मला माहीत होतं. ज्या माणसाला मी बाप मानलं त्याच्यावर मी त्या दिवशी इतकी चिडले होते की तुझं काय होईल हा विचार मनात आला आणि मी तो बाजूला सारला.

पण तू मागतेस ते माझ्याने होणार नाही. नंदूदादा पिऊन होता, त्याने एका माणसाचा हात घालवला, हे मी लोकांसमोर माझ्या तोंडाने म्हणू शकत नाही. महूच्या जयंतीच्या मिरवणुकीत त्याने मला खांद्यावर बसवलं होतं. मी त्याच्या केसांना धरून बसायचे. मला त्याच्याबद्दल एवढंच ठेवायचं आहे. तू म्हणशील की हा भेकडपणा आहे. आहे.

दाजी जेवतात का ते कळव. मी येऊ का? तू म्हणशील तेव्हा येते. रागाव, पण तोडू नको.

तुझी,
शीला


अन्नपूर्णा, इंदूर
दि. १६ मार्च २०२५

चि. पंचशीला हिस,
जय भीम. वि. वि.

तुझ्या बोलण्याची वाट बघत बसले असते तर हे उपाशी गेले असते. म्हणून तू जे बोलणार नव्हतीस ते मीच बोलले. तुझं पत्र हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्वप्निल बूट घालत होता, निशिगंधा डबा भरत होती, मनोरमा यांचं अंग पुसत होती. मी हॉलच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, सगळे ऐका. तुझे पप्पा खरं बोलले होते. तुझा मामा पिऊन होता. मी यांना खोटं बोलायला सांगितलं होतं, यांनी ऐकलं नाही. आणि भिंतीकडे मी यांना वळवते, तेही खरं आहे, टीव्हीवर ऐकलंत ते तेवढं बरोबर होतं.

स्वप्निल एक बूट घालून तसाच बसून राहिला. मामाचा केवढा लाडका होता तो. इतकी वर्षं तो समजत होता की मामाला कारखान्याने फसवलं. मग त्याने यांना विचारलं, पप्पा, आईने असं केलं हे तुम्हाला माहीत होतं? हे म्हणाले, हां. मनोरमा म्हणाली की साहब, मैं बाहर बैठूं क्या? बिचारीला कळेना कोण पेशंट आहे.

त्या दुपारी मी स्वतः वाटी घेऊन यांच्यापाशी बसले. कुणी अडवलं नाही. मी यांना म्हटलं, एक विचारते. आज पुन्हा ती चौकशी बसली, मी पुन्हा पायांवर डोकं ठेवलं, नंदूचं पुढे काय झालं ते सगळं आता तुम्हाला माहीत आहे. तर म्हणाल का, मी पाहिलं नाही? यांनी माझ्याकडे पाहिलं. दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आजारी बाजूच्याही. आणि म्हणाले, नहीं. एकदम साफ. इतके महिने जीभ अडखळते, या शब्दाला अडखळली नाही.

असा राग आला, शीला, की वाटी भिंतीवर मारावी. उचललीही होती. मग चमचा भरला आणि यांच्या तोंडाशी नेला. यांनी तोंड उघडलं. पूर्ण वाटी संपवली, तूप मागितलं बोटाने. मी भरवत होते आणि रडत होते, आणि यांना शिव्याही देत होते इकडच्या मालवी बोलीत, ज्या तुला लिहून कळवण्यासारख्या नाहीत. मनोरमा आता फक्त सकाळची येते, आंघोळ घालायला. बाकी मी.

आता तुझ्याबद्दल. तुझं पत्र मी खूप वेळा वाचलं. खरं लिहिलंस त्याबद्दल तुला दोष देत नाही. पण ऐक. यांनी मला दगा दिला तो माझ्या तोंडावर, आधी सांगून, की प्रभा, मला जमणार नाही. तू दिलास तो माझ्या पत्राला माहेर टिकवू म्हणून उत्तर लिहीत असताना. लिंक पाठवलीस त्या दिवशी मला फोनही केला होतास. मी विचारलं, कशी आहेस? तू म्हणालीस, मजेत. तो मजेत शब्द माझ्या कानातून जात नाही.

व्याख्यान काढून टाकलंस, ते मिटवणं झालं, दुरुस्त करणं नाही झालं. ज्यांनी यांना खोटारडे म्हणून ऐकलं ते तसंच समजून मरतील. नंदू तुला जेवढा प्यारा, तेवढाच मला होता. तुला त्याचे खांदे ठेवायला मिळतात, कारण बाकीचं मी आणि यांनी ठेवून घेतलंय.

तुला तोडणार नाही. रक्त तोडलं तर वाहतं, आणि माझ्याने आता आणखी पुसणं होत नाही. पण यापुढे तुला खुशाली कळवीन. मनातलं कळवणार नाही. ते ठेवायला मला या घरातच एक माणूस आहे, त्याच्याकडून ते बाहेर जात नाही आणि बदलतही नाही.

स्वतःच्या तब्येतीला जप.

प्रभावती


अन्नपूर्णा, इंदूर
दि. २० एप्रिल २०२५

चि. पंचशीला हिस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझी तिन्ही पत्रं पोचली. इकडे सर्व ठीक आहे. ऊन वाढलं आहे, कूलर काढून धुतला. जयंतीला स्वप्निल आणि निशिगंधा महूला जाऊन आले, गर्दी फार होती. निशिगंधाला ऑफिसात बढती मिळाली. यांची तब्येत सुधारते आहे. परवा धरून चालले आणि मला नावाने हाक मारली.

मे महिन्यात येतेस म्हणतेस, तर ये. गाडीची वेळ स्वप्निलला कळव, तो स्टेशनवर येईल. सोबत काही आणू नये, इथे सगळं मिळतं.

लोभ आहे तेवढा असू द्यावा.

आपली,
प्रभावती